एक ठोका जास्त

बाबा, आपल्या गावची दंडार, ती गाण्या-सोंगांची, पुन्हा उभी राहिली. आई असती तर आधी तिलाच सांगितलं असतं, आणि ती म्हणाली असती, 'झालं, आता घरातलं एक काम होत नाही.' आता तीही नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. झालं असं, की विद्यापीठानं गावोगावच्या जुन्या कलांसाठी छोटी छोटी अनुदानं काढली. माझ्या शाळेत पत्रक आलं, मी आपला अर्ज टाकला, आणि मिळालं की! फार काही नाही हो. ढोलकीला नवी पुडी, फेटे, चहा-नाश्ता आणि एक नीट रेकॉर्डिंग, बस. ते रेकॉर्डिंग मात्र विद्यापीठात कायमचं राहणार. तुमच्या ढोलकीवाल्या दोस्ताला, आपल्या काकांना, हे सांगायला गेले तर ते घाबरलेच. 'अनुदान भेटलं? म्हणजे मोजमापाले माणसं येतीन. पुन्हा गाव उठवून राहिले का वं पोरी?' गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात एकदा गाव गेलेल्या माणसाला असल्या शब्दांची भीतीच वाटणार. मी हसले, पण घरी येताना मला रडूही आलं.

मला अजून सगळं दिसतं. दिवाळीनंतरची मंडई, आपली जत्रा, भरली आहे, भर दुपार, आपल्या पारापुढे माणसांची ही गर्दी. तुम्ही फेटा बांधून शाहीर म्हणून मध्ये उभे, मागे काका ढोलकीवर, आणि मी परकर सावरत पाण्याचा गडवा घेऊन बाजूला बसलेली. ते माझं ठरलेलं काम. बिड्यांनी तुमचा गळा खाल्लेला. गणाच्या दुसऱ्या कडव्यात, वरच्या सुरावर चढायच्या आधी, तुम्हाला हमखास खोकला यायचा. तुम्ही तोंडासमोर मूठ धरायचात, काका एक ठोका जास्त मारून तो खोकला झाकायचे, मागचे लोक पालुपद धरून ठेवायचे, तेवढ्यात मी गडवा पुढे करायची. घोट घेऊन तुम्ही जे वर चढायचात, ते ऐकून बांगड्यावाल्या बायाही हातातलं काम सोडायच्या. एकदा मी शहाणपणा करून आधीच उठले. तुम्ही डोळे वटारलेत आणि गाण्यातच मला झापलंत, 'खोकला नाही आला, गडवा काहून आणला!' सगळी मंडई हसली. घरी येऊन मी चुलीपाशी रुसून बसले, तर लाखोळीच्या डाळीला फोडणी देता देता आई तुमच्यावरच घसरली, 'पोरीले कायले रडवता? बिडी सोडा, तिचा गडवा सुटन.' तुम्ही म्हणालात, 'बिडी सुटन, पण मंग मले पाणी कोण देईन?' आणि खिशातून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या काढल्यात. माझा रुसवा तिथंच संपला.

आता तालीम नव्या गावाच्या समाजमंदिरात होते. शाहीर म्हणून काकांचा मुलगा उभा राहतो. गळा गोड आहे त्याचा, बिडीला शिवतही नाही. पण दुसऱ्या कडव्याला त्यानं तोंडासमोर मूठ धरली आणि मी तालीमच थांबवली. विचारलं, 'हे काय रे?' म्हणतो, 'काय मालूम ताई, बाबानं असंच शिकवलं. अभिनय असन तो.' माय वं! मी पोट धरून हसले, आणि मग थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

विद्यापीठाचे सर आले. चांगला माणूस, सगळ्यांबरोबर खाली सतरंजीवर बसला. गण ऐकून म्हणाले, 'मॅडम, इथं एक ठोका जास्त पडतोय. कायमचं रेकॉर्डिंग आहे, सरळ करून घेऊया.' काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुकाट्यानं सरळ वाजवलं. गाणं सुंदर झालं, बाबा. कुठं अडलं नाही. आणि मला ते ऐकवेना. तुमचा फोटो आहे तो ओळखपत्रावरचा, बघून मीसुद्धा ओळखणार नाही असा. आवाज तर कुठंच नाही, आपल्याकडे कुठला टेपरेकॉर्डर? गावचा पार पाण्यात, घर पाण्यात. कानांनी ऐकण्यासारखे तुम्ही त्या एका ठोक्यातच उरला होतात, आणि तो मीच आणलेल्या अनुदानानं पुसला जाणार होता. करायला गेले एक अन् झालं एक. मी उठून म्हटलं, 'सर, ती चूक नाही. तो माझ्या बाबांचा खोकला आहे.' काका ढोलकीवर डोकं टेकवून हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. 'खरं हाये तिचं, सर. त्याचा खोकला झाकता झाकता माह्या हाताले तीच सवय लागली. आता सरळ वाजवलं तं तो आजच मेल्यासारखा वाटते.' सर म्हणाले, 'राहू द्या मग. पण मी अहवालात काय लिहू?' मी म्हटलं, 'लिहा, इथं शाहीर खोकतो.'

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग झालं. मी भिंतीशी बसले होते. दुसरं कडवं आलं, पोरानं मूठ धरली, काकांचा तो ठोका पडला, मागच्यांनी पालुपद धरलं. आणि मी शेजारचा गडवा घेऊन उठले. कधी उठले ते मलाच कळलं नाही. उभी राहिल्यावर समजेना, आता हा द्यायचा कुणाला. पोरगा तर वर चढलाही होता. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून ते पाणी मीच प्याले. गाणं संपल्यावर सरांनी विचारलं, 'मॅडम, तहान लागली होती का?' मी हो म्हटलं.

हे पत्र पाठवू कुठं? आपल्या घराचा पत्ता अजून पाठ आहे, पण तिथं आता मासे राहतात. बांगड्यांच्या डब्यात ठेवून देते. तहान लागली नव्हती, बाबा.