तिसऱ्या रविवारची हरकत

खडकी, पुणे
४ नोव्हेंबर २०२४

ती. शांतवनदादा यांस,
धाकट्या एस्तेरचा कृतानेक सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तुझ्या सुनेला मध्ये घालून भांडायला मला जमत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सर्व ठीक. माझं डोकं सोडून.

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. चोवीस तारखेला मंडळीचा वर्धापनदिन आहे आणि त्या दिवशी माझा सत्कार करायचं ठरलंय. कशाबद्दल, तर निःस्वार्थ सेवेबद्दल! दोन वर्षं सर्जेरावांचं अंथरुणातलं सगळं करते, त्याबद्दल. शाल, फुलं, आणि वर मी माईकसमोर उभं राहून साक्ष द्यायची की देवाने ही सेवा माझ्याकडून कशी करून घेतली. सर्जेरावांनाही चाकांच्या खुर्चीतून आणून पुढे बसवणार आहेत. दादा, या कमिटीतला एकही माणूस दोन वर्षांत त्यांच्या जिन्याची पहिली पायरी चढलेला नाही. सत्काराच्या मीटिंगला मात्र झाडून सगळे हजर होते.

तुला तर सगळं ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी आपल्या निकिताच्या लग्नाची सूचना आपल्या रीतीप्रमाणे तीन रविवार मंडळीत वाचली जायची होती. मुलगा बौद्ध, पण तेव्हाचे पाळक लग्न लावायला तयार होते. दोन रविवार नीट गेले. तिसऱ्या रविवारी हेच सर्जेराव सचिव म्हणून उठले आणि लेखी हरकत आली आहे, सूचना मागे घेण्यात येत आहे, असं वाचून खाली बसले. कोणाची हरकत, हे नियमाप्रमाणे सांगता येत नाही म्हणे. मी आवारात, सगळ्यांसमोर, हे तुमचंच काम आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्यांनी हूं की चूं केलं नाही. खरं नसतं तर माणूस बोलला असता ना? पोरीने कचेरीत सही करून लग्न केलं आणि तेव्हापासून चर्चची पायरी चढली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी सर्जेरावांना अर्धांगवायू झाला, बायको आधीच गेलेली, मुलगा दुबईला. पाळकांनी विचारलं, रोज सकाळी कोण जाईल? सगळ्यांच्या माना अशा खाली गेल्या की मला वाटलं प्रार्थनाच सुरू झाली. मी हात वर केला, तो रागाने. नर्सची तीस वर्षं नोकरी केलेला हात आहे, त्याला अंग पुसता येतं, कूस बदलता येते. पण खरं सांगू? या माणसाला माझ्याशिवाय कुशीवर वळता येत नाही, याचं मला रोज सकाळी बरं वाटतं. ही माझी निःस्वार्थ सेवा.

तेव्हा मी ठरवलंय. साक्ष मागतात ना, देते. ते समोर बसलेले असताना, माईकवर, त्यांचं नाव घेऊन, माझ्या लेकीचं काय केलं ते सांगणार आहे.

वहिनींना सलाम. माझ्यावरचा लोभ चोवीस तारखेनंतरही राहू द्यावा.
तुझी,
एस्तेर


संगमनेर
८ नोव्हेंबर २०२४

चि. एस्तू हिस,
शांतवनदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. तुझं अक्षर अजूनही औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे. वहिनीला दोनदा वाचायला लावलं. तिचे गुडघे तसेच. मी निवृत्त झाल्यापासून ती मला घरातली सगळी भांडी घासायला लावते आणि याला आत्मिक वाढ म्हणते.

आता तुझ्या रागाविषयी. अगं, सेवा म्हणजे काय आपोआप गोड लागणारं फळ आहे का? मनात कडूपणा असतानाही हात काम करत राहतात, आणि हळूहळू मन हातांच्या मागे येतं. पंचेचाळीस वर्षं पाळक म्हणून मी हेच शिकवलं. दोन वर्षं म्हणजे काही फार नव्हे. धीर धर. शाल घे, दोन शब्द बोल, घरी ये.

आजारी माणसाला भर मंडळीत उघडं पाडू नकोस. निकिताचा संसार छान चाललाय, अनिरुद्ध गुणी निघाला, मग ती राख कशाला उकरायची? आणि हरकत सर्जेरावांचीच होती, असं तुला तरी कोणी सांगितलं? त्यांनी फक्त वाचून दाखवलं.

प्रार्थनेत तुला रोज आठवतो. तुझी माया आम्हा म्हाताऱ्यांवर असू दे.
तुझा,
दादा


खडकी
१२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास सलाम. वि. वि.

तुझं प्रवचन मिळालं. नेहमीसारखंच छान आहे. जपून ठेवीन, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

राख म्हणालास? निकिता परवा येऊन गेली. नात आता आठ वर्षांची आहे. तिने रस्त्यावरून चर्च दाखवून आईला विचारलं की आजी आत जाते मग आपण का नाही जात. निकिता म्हणाली, आपल्याला बोलावलेलं नाही. ती हे रागाने म्हणाली असती तर मला चाललं असतं, पण तिने ते बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तेही तिला दिसू नये म्हणून नळ सोडून.

आणि तू सर्जेरावांची एवढी बाजू का घेतोस? सख्ख्या बहिणीची कधी घेतली नाहीस एवढी. हरकत त्यांची नव्हती तर कोणाची होती? तुला माहीत असेल तर सांग, नसेल तर गप्प बस. आज सकाळी पेज भरवताना मी त्यांना सांगून टाकलं की चोवीसला तयार राहा, सगळं बोलणार आहे. त्यांनी वाकड्या तोंडाने एवढंच सांगितलं की पेजेत मीठ कमी आहे. बघ किती निगरगट्ट!

माझं ठरलंय. आता लोभाचं वगैरे काही लिहीत नाही, घाईत आहे.
एस्तेर


संगमनेर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय एस्तू,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ती हरकत माझी होती.

तेव्हा आमच्या भागातल्या मंडळ्यांच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढे आलं होतं. सख्ख्या भाचीचं लग्न बौद्ध घरात, तेही चर्चमध्ये, हे कळलं असतं तर मला ते मिळालं नसतं. मी सचिवांना पत्र लिहिलं, विश्वासाच्या आणि शिस्तीच्या मोठमोठ्या शब्दांत, आणि खाली सही केली. लिहिताना मला ते खरंच विश्वासासाठी वाटत होतं. पोस्टात टाकताना वाटत नव्हतं.

सर्जेरावांनी मला उलट चार ओळींचं पत्र पाठवलं होतं, पुन्हा विचार करा म्हणून. मी उत्तर दिलं नाही.

पद मिळालं, तीन वर्षं भोगलं. तू त्या माणसाचं नाव माईकवरून घेऊ नकोस. माझं घे. मी येऊन समोर बसतो.
शांतवन


खडकी
२८ नोव्हेंबर २०२४

शांतवनदादा,

ती. लिहिलेलं नाही, ते पाहिलंस ना?

तू रविवारी येऊ नकोस, हे सांगायला तुझ्या सुनेला मुद्दाम फोन केला. कारण तू आला असतास तर पश्चात्ताप केला असतास, तो सुंदर झाला असता, आणि लोक तुझ्यासाठी रडले असते. तेवढं मला सहन झालं नसतं.

मला पद कळतं, भीती कळते. पण तिसऱ्या रविवारनंतर दोन दिवसांनी तू माझ्या घरी आलास, माझा हात हातात घेतलास आणि देवा, माझ्या बहिणीला हे सोसायला बळ दे, अशी प्रार्थना केलीस. मी आमेन म्हणाले. तो आमेन मला परत हवाय, दादा. कुठून आणून देशील?

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्जेरावांकडे गेले. अंग पुसायचं भांडं हातात तसंच, आणि विचारलं की अकरा वर्षं बोलला का नाहीत, मी चारचौघांत तुमचे वाभाडे काढले तेव्हाही. त्यांना एक वाक्य पुरं करायला किती वेळ लागतो, तुला कल्पना नाही. ते म्हणाले की सही केलेला कागद सचिवाकडे येतो आणि सचिवाकडेच राहतो. मी पाठ पुसत होते, तेव्हा पुन्हा तोंड उघडलं. म्हणाले, सचिव दर तीन वर्षांनी बदलतो, भाऊ बदलता येत नाही. मग पाणी गार झाल्याची तक्रार केली.

दोन वर्षं मला वाटत होतं की मी या माणसाला सोसतेय.

रविवारी माईकवर गेले. तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी अकरा वर्षं राखलं ते मी पाच मिनिटांत कशी उधळू? मी म्हणाले की याच आवारात मी एका माणसावर खोटा आळ घेतला होता आणि नंतर त्याचीच सेवा करून उपकार केल्याच्या तोऱ्यात फिरत होते, तेव्हा सत्कार कोणाचा करायचा ते कमिटीने पुन्हा एकदा मीटिंग घेऊन ठरवावं. शाल सर्जेरावांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि खुर्चीला चिकटलेला फुलांचा कागद आधी काढा म्हणाले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

निकिताला मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं. पत्राने नाही, तिच्या घरी जाऊन, अनिरुद्धसमोर. ती दार लावून घेईल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. पंचेचाळीस वर्षं धीर शिकवलास, आता थोडा वापर.

मी तुला क्षमा केलेली नाही. खोटं कशाला लिहू? सकाळी निघण्याआधी मी सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करते, तुला ठाऊक आहे. आईबाबांनंतर तुझं नाव येतं. तुझं पत्र आल्यापासून तिथे आले की मी निकितावर उडी मारत होते. आज तुझं नाव घेतलं. पुढे काही मागितलं नाही, मागावंसं वाटलं नाही. मग उठून सर्जेरावांकडे गेले.

लोभ ठेव म्हणायचं, की ठेवीन म्हणायचं, हे अजून ठरत नाही.
तुझी बहीण,
एस्तेर