फीत कापायची राहिली

बाई, तुम्ही जाऊन पंधरा वर्षं होत आली, अन् मी आज तुम्हाले लिहाले बसलो. हे पत्र कुठी टाकाचं तेही माहीत नाई. पण कोणाले तरी सांगतल्याशिवाय मले चैन पडणार नाई, अन् मले हक्कानं रागवणारं माणूस आता एकही उरलं नाई.

आपल्या शाळेतला तो दसरा आठवते का? लोकवर्गणीतून एकच कॉम्प्युटर आला होता. हेडमास्तरांनी तो आपल्या खोलीत ठेवला, वर फुलाफुलाची चादर. दसऱ्याले त्याले झेंडूचा हार, हळद-कुंकू, समोर नारळ. आम्ही पोट्टे चपला बाहेर काढून रांगेनं आत चाललो. माझा नंबर आला तसे मी डोळे मिटून हात जोडले, अन् मागून तुमची टपली बसली. "हात काऊन जोडतोस रे? देव आहे का तो? बस खुर्चीवर, चालव!" हेडमास्तर "बाई, बिघडीन, बिघडीन" करत राह्यले. तुम्ही म्हणल्या, "बिघडला तं बिघडला. चादरीखाली ठेवून कोणता सुधरून राह्यला?" मी माझं नाव टाईप केलं. एकेक अक्षर शोधाले जीव गेला माझा, पण तुम्ही हलल्या नाई. मागची रांग तशीच उभी होती.

त्या टपलीच्या भरवशावरच मी आज तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. कायम नाई, अकरा महिन्यांची ऑर्डर. दरवर्षी नवा अर्ज करा, दारात उभं राहा. औंदा खाणीच्या निधीतून वीस कॉम्प्युटर आले, बाई! नवे कोरे. खोलीले रंग झाला, दाराले लाल फीत बांधली, अन् उद्घाटनाच्या चार दिवस आधी आचारसंहिता लागली. आता फीत कोण कापीन? एक निवडणूक सरली की दुसरी उभी. प्राचार्य म्हणते, "उद्घाटनाआधी कोणी हात लावाचा नाई. तुझी ऑर्डर माझ्या सहीनं निघते, ध्यानात ठेव." मी रोज फितीखालून वाकून आत जातो, प्लास्टिकवरची धूळ पुसतो अन् तसाच वाकून बाहेर येतो. पोट्टे तलावाच्या पाळीवर रेंज शोधत फोनवर प्रोजेक्ट लिहून राह्यले. त्याहिले पाहून मले माझीच लाज वाटते.

जंगलाकडच्या गावची एक पोरगी आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले. तिच्या गावाची बस पावसाळ्यात आली तं आली. मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म ऑनलाइन भराचा होता, शेवटचा दिवस, अन् फोनवर कागदपत्रं चढत नव्हती. लॅबच्या दाराशी येऊन म्हणे, "सर, एकच चालू करून द्या ना. दहा मिनिटं. कोणालेच सांगत नाई."

मी म्हणलं, "माझ्या हातात नाई गं पोरी. चंद्रपूरले जा, तिथी कॅफेत भर."

"आता जाऊन परत याले गाडी कुठी आहे, सर?"

तरी गेली बिचारी. कॅफेत ही गर्दी, त्यात साइट बंद पडली, अन् इकडे शेवटची गाडी सुटाची वेळ झाली. फॉर्म राहिला तो राहिलाच. वसतिगृह नाई म्हणजे तिच्यासाठी कॉलेज नाई. दोन हप्ते झाले, ती आली नाई. मैत्रीण सांगे, धानाच्या रोवण्याले मजुरीनं जाते म्हणून.

लय वाटते, तोडावी ती फीत अन् फेकावी चाबी प्राचार्यांच्या टेबलावर. पण ऑर्डर गेली तं कुठी जाऊ? माझ्या हाताले दुसरं कामच येत नाई. बायको म्हणते, "तुमची काय चूक? वरूनच बंदी होती." स्टाफरूममधले बी तेच म्हणते. मीही मान हलवतो.

तुम्हाले मात्र खोटं सांगता येत नाई. ती पोरगी बसस्टँडकडे निघून गेली ना, त्याच दुपारी मी आत गेलो, दार लावलं. एका कॉम्प्युटरचं प्लास्टिक काढलं, चालू केला, अन् माझ्या पुढच्या ऑर्डरचा अर्ज टाईप करून पाठवला. नेट चांगलं चालू होतं, बाई.