टाकीवरची दोन भोकं

निर्मळ, रविवार, ९ नोव्हेंबर २००३

दुपारपासून डोकं तापलंय. पपांच्या मोटारसायकलच्या टाकीवर आता फक्त स्क्रूची दोन भोकं आहेत. कंपनीचा बिल्ला गेला.

पपांनी ज्या कारखान्यात इंजिनं जोडली, तो बंद पडून जमाना झाला. आता त्याचं नाव एका परदेशी कंपनीनं विकत घेतलंय. तिचा मुंबईचा माणूस बिल्ला मागायला आला. "अंकल, ओरिजिनल पाहिजे. नवीन गाडीवर सेम टू सेम असाच लावणार." पपांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर आणला. बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला, त्याच्या हातात ठेवला. वर चहा.

मग विचारलं, "कारखाना कधी उघडताय? मी येईन हां."

तो हसला. "इथे कुठे, अंकल! गाडी तिकडेच बनणार. आपण फक्त नाव घेतलंय."

आपण म्हणे!

तरी पपा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. का? मला राग नक्की कोणाचा येतोय?

संध्याकाळी लांबी घेऊन ती दोन भोकं बुजवायला बसलो, तर पपांनी हात धरला. "बुजवू नको रे. बिल्ला परत आणून देतील, मग लावायचा कुठे?"

परत देतो, असं तो म्हणालाच नव्हता. मी तिथेच उभा होतो.