डावा पाय

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! खिडकीशी टेबल, चहाचं मशीन चार पावलांवर, आणखी काय हवं? प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई कडक आहेत, पण शिकवतात मनापासून. पडद्यावर काड्यांचे दोनशे जीव असतात. चालतात, धडपडतात. दुपारी चारला लांब चाललेले ठेवायचे, बाकीचे पुसायचे. उरलेल्यांना पिल्लं होतात, जराशी वेगळी. असं करत पिढ्यान्‌पिढ्या चाल सुधारते. शेवटचे वीस मात्र मशीन निवडत नाही. ते माणसाने नजरेने निवडायचे, हा बाईंचा नियम. आमचे हे म्हणाले, देवाचं काम मिळालंय, आता घरात तरी नीट वाग.

७ मार्च
आज चूक केली. एक जीव डावा पाय ओढत मागे पडला होता. पुसायला हवा होता, ठेवला. आमची लेक ठमी अशीच चालायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली. बाईंना काही बोलले नाही.

१२ मार्च
आता साठ जण पाय ओढतात. बाईंनी विचारलं, तेव्हा कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना तुम्ही कळत नाही. तुम्ही ज्याला वाचवता, तसे ते होतात, इतकंच." बरं वाटलं. खरं सांगायचं तर हल्ली चार वाजायची मी वाट बघते.

१७ मार्च
सगळे दोनशे. तीन पावलं टाकतात, थांबतात, वळून बघतात. मी मागे आहे ना, हे ठमी असंच बघायची. हे मी कधी निवडलं? आठवत नाही. त्यांना तोंड नाही, तरी वळतात पडद्याबाहेरच.

१९ मार्च
ह्यांना सांगितलं. ते उठले. मग कपाटातून ठमीचे बूट काढून माझ्या हातात दिले. उजव्याचं टोक झिजलेलं. म्हणाले, "उजवा पाय गं." मी भांडले. मग डोळे मिटून तिला चालवून पाहिलं. डावाच. आणि तोही काड्यांचा — तिचा चेहरा येईना —

२० मार्च
बाईंना म्हटलं, सगळे पुसते. त्यांनी मान डोलावली. आज नाही पुसले तर खरी ठमी माझ्या डोक्यातून जाईल. तेवढीच तर उरलीय —

चार वाजले. दीडशे गेले. पुसायच्या आधी प्रत्येक जण वळतो —

एकच राहिला. याला पिल्लू नाही, पुढची पिढी नाही. हा बदलणं शक्यच —

थांबलाय. माझ्याकडे वळला.

आता उजवा पाय ओढतोय —