लोणच्यावरचा दगड

८ फेब्रु., महाड
कैऱ्या मी चिरायची, मीठ हे लावायचे. मग बरणीत फोडी दाबून वर तो दगड. नारळाएवढा, एका बाजूने निमुळता. लग्नानंतर पोलादपूरकडच्या त्या लहानशा गडावर गेलो होतो, तिथल्या कोरड्या टाक्यापाशी सापडला. हे म्हणाले, "घे, तुझ्या वाट्याचं राज्य." दरवर्षी धुताना तेच वाक्य. हे जाऊन चार वर्षं झाली. दगड बरणीवर आहेच.

आज लेकीचा, मीराचा जपानहून फोन. डोंगरमाथ्यावरचा एक छोटा किल्ला बघून आली. वर काहीच नाही, नुसती दगडी जोती, शेवाळ, एक विहीर. तिने आठवण म्हणून एक खडा खिशात टाकला. तिथे पानं झाडणाऱ्या म्हाताऱ्याने हात पुढे केला, खडा घेतला आणि होता तिथे ठेवला. वर कमरेत वाकून नमस्कार! मीरा हसत होती. मी बरणीकडे बघत होते.

११ फेब्रु.
गडाखालच्या वाडीत मंगलकडे. आम्ही गडावर गेलो तेव्हा ती नवी नवरी, आम्हाला वाट दाखवायला आली होती. सहज विचारलं, टाकं कसं आहे?
"कसलं टाकं वैनी! दिवाळीला कोरडं. तळाच्या भोकाला दगडाचं बूच व्हतं, त्ये गेलं कुनीकडं. फडकी कोंबली, लाकूड ठोकलं, पानी ऱ्हात नाय."
चैत्रात गडावरच्या देवीला गडाच्याच पाण्याने आंघोळ. आता खालून हंडे नेतात. टाकं शेवटचं उपसून धुतलं मंगलच्या सासूने, म्हणून बूच तिनेच हरवलं असं ठरलं. "ती मेली, पन नाव ऱ्हायलं."
 बरणीवरच्या दगडाचं काही न सांगता परत आले.

१२ फेब्रु.
दगड उन्हात धरून पाहिला. निमुळत्या बाजूला छिन्नीचे घाव, गोल फिरवून घडवलेले. इतकी वर्षं हाताला लागत होते.
पाचगणीच्या शाळेत ख्रिश्चन मुली चॅपलमध्ये पाद्र्याला जाळीआडून पापांची कबुली द्यायच्या. हेवा वाटायचा. आपल्याला जाळी नाही. तोंडावरच सांगायचं.

१४ फेब्रु.
सांगितलं. दगड तिच्या ओटीवर ठेवला. मंगलने वाकून त्यावरचे घाव पाहिले. मग:
"म्हंजी माजी सासू बोलनी खात व्हती, नि तुमी लोनचं."
 ती उठली. "चला. ऊन चढायच्या आत."
दगड झोळीत घालून निघाले. खिंडीपर्यंत पोचले, तिथे गुडघ्याने दगा दिला. म्हटलं, तू ने गं पुढे. तर म्हणते, "मी नाय हात लावनार. नेलं तुमी, ठेवायचं बी तुमी."
बरोबर आहे तिचं. दगड खिंडीत, उंबराच्या मुळाशी. उतरताना मात्र तिने माझा हात सोडला नाही.

१६ फेब्रु.
डॉक्टर म्हणतात चढ बंद, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मीरा म्हणते, "आई, कुणाला तरी पैसे देऊन पाठव ना." नाही. ऑपरेशननंतर मला गड कोण चढू देणार? फोन करून मंगलला विचारलं, बूच बसेल ना गं? "पाऊस पडू द्या, मग कळंल."

१८ फेब्रु., सकाळ
रिक्षा येईल इतक्यात. गुडघा पट्ट्याने आवळलाय. लिहून ठेवते.
ह्यांनी काढलेला गडाचा नकाशा मीराला. टाक्याची जागा त्यात चुकलीये, मी पेन्सिलने दुरुस्त केलीये.
माझी पुस्तकं शेजारच्या शमीमआपांना, निवडून घेतील.
बरणी मंगलला, लोणच्यासकट. घेईल की नाही माहीत नाही. विचारावं.
खिंडीतला दगड कुणी घरी आणू नये. मी आजही पोचले नाही तर मीराने यावं आणि स्वतः न्यावा, मजुराकडून नाही. आधी मंगलच्या पाया पडावं.
काठी कुणालाच नाही. ती मला लागेल.