दातिवऱ्याचं घर आणि माझे शेवटचे दिवस

मी, गोदूबाई एकनाथ मेहेर, वय ७१, धंदा मासळी सुकवून विकणे, राहणार दातिवरे, ता. जि. पालघर, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. होडीतला माझा निम्मा हिस्सा मुलगा मनीष याला.

२. बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी जागेसह मुलगी उषा हिला. माझी जाऊ ठकी हद्दीचा बांबू दरवर्षी आमच्या बाजूला सरकवते, हे मला ठाऊक आहे. आजवर घेतलं ते तिने ठेवावं. पुढचं उषा पाहून घेईल.

३. मृत्युपत्र मी गेल्यावर उघडणार, म्हणून आजारपणातल्या उपचारांचा लेख नोटरीसमोर वेगळा केला आहे. तो का केला, एवढंच इथे सांगते. माझ्या यजमानांना शहरातल्या दवाखान्यात मशीनवर ठेवलं. मनीष म्हणत होता ठेवू, उषा म्हणत होती घरी नेऊ. यजमानांना काय हवं होतं, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ते तिथेच गेले, आणि भावाबहिणीचं बोलणं तुटलं.

पुढे आरोग्य केंद्रात डॉक्टर प्रियदर्शिनी यांनी विचारलं, "आजी, उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर तुमच्या वतीनं कोण बोलेल? आणि काय बोलेल?" मी रागाने उठले. रक्तदाब दाखवायला गेले होते, मरण नव्हे. पण वाटेत यजमानांचं ते मशीन आठवलं. पुढच्या खेपेला दोन्ही मुलांना घेऊन गेले.

मी सांगितलं, बरी होणार असेन तर सगळे उपचार करा. होणार नसेन तर घशात नळी नको, दुखणं थांबेल असं औषध द्या आणि घरी ठेवा. मनीष खाली बघत म्हणाला, "लोक बोलतील, पोरानं आयशीला मारली."

मग उषा त्याला म्हणाली, "तू एकटा नाय. लोकांना मी सांगेन, आमी दोघांनी आईचं ऐकलं."

त्या दिवशी दोघं एकाच रिक्षाने घरी आली. मला मधे बसवलं होतं.

४. राहतं घर दोघांना समाईक. मधे भिंत घालू नये. उषाने माहेरपणाला यावं, मनीषने तिला आणायला जावं.

५. अंमलबजावणी पुतण्या कृष्णकांत मेहेर याने करावी. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. आता दुसरं करायची गरज वाटत नाही. मी समाधानी आहे.

सही: गोदूबाई एकनाथ मेहेर

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार:
१. डॉ. प्रियदर्शिनी सावे
२. दर्पण तांडेल

दातिवरे, दि. १२ डिसेंबर २०२५