फोन वाजला पाहिजे

९ सप्टेंबर, मंगळवार

फोन गेला. बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, पडद्यावर नुसत्या रेघा. सकाळी सिंधूला डायलिसिसला नेताना बसमध्ये खिशाला गरम लागत होतं. तेव्हाच कळायला हवं होतं.

सिम काढून तिच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. त्याची घंटी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू येत नाही.

किडनीच्या यादीत सिंधूचं नाव घातलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या पावनी मॅडम म्हणाल्या होत्या — "फोन यावागलू ऑन, सर. कायम! मिळाली की मी कॉल करणार. अर्धा तास बघणार, मग पुढचं नाव." दोन वर्षं झाली. माझी किडनी तिला चालत नाही, मला साखर आहे. माझ्याकडून तिला देण्यासारखं आता एवढंच — फोन उचलणं.

११ सप्टेंबर, गुरुवार

नजरबादला रक्षितच्या दुकानात गेलो. त्याने दोन फोन पुढे ठेवले. एक माहितीतल्या कंपनीचा. दुसरा तसाच दिसणारा, किंमत निम्म्याहून कमी. कंपनीचं नाव मला नीट वाचताही येईना. खोक्यावर परदेशातला पत्ता, तोही अर्धाच.

"सर्व्हिस सेंटर कुठे आहे?" विचारलं.

"मीच सर्व्हिस सेंटर, सर!" तो हसला.

"आणि तुम्ही दुकान बंद केलंत तर?"

"मग देव आहे की, सर. तुम्ही तर रोज त्याच्याकडे जाता."

मी हसलो नाही. न घेता परत आलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सव्वीस वर्षं झाली, कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. नव्या सप्लायरचा माल आला की आधी नमुना तपासायचा, मग आत घ्यायचा. इथे नमुनाच नाही. एकच नग, तोच वापरायचा.

भीती कशाची, ते लिहून काढावं म्हटलं. बॅटरी सांगतात तेवढी नसते. वर्षभरात कंपनी गायब होते, मग बिघडला की फेकायचा. आतली माहिती कुठे जाते कुणाला ठाऊक — पण माझ्या फोनमधून नेण्यासारखं काय आहे? सिंधूचे रिपोर्ट आणि दोन अभंगांची पुस्तकं. ते न्या. खरी भीती एकच. वाजायच्या वेळी वाजला नाही तर?

सिंधूला विचारलं. ती म्हणाली, "तो स्वस्तातलाच घ्या. ऑपरेशनसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही."

"पण नाही वाजला तर?"

"नाही वाजला तर नाही वाजला." आणि भाजी चिरत राहिली.

१४ सप्टेंबर, रविवार

शेजारचे तिरुमलराव आले होते. त्यांचे कुणी पूर्वज इथे म्हैसूरच्या फौजेत होते, म्हणून घरात अजून मराठी आहे, निम्मी कन्नडमधली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर दुसरा नंबर त्यांचाच दिलाय.

"सुम्ने भितात हो तुम्ही! उगीच! माझ्या देवघरातली लाईटची माळ कुठली? तिकडचीच. तीन वर्षं झाली, देवानं कंप्लेंट केली नाही."

सिंधू हसली. बऱ्याच दिवसांनी. तिला हसताना पाहून मला बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. असंच झालंय हल्ली. देवळात गेलो तरी हात जोडले जातात, आत काही हलत नाही.

संध्याकाळी जाऊन तो स्वस्तातला घेऊन आलो.

१५ सप्टेंबर, सोमवार

तपासणी सुरू. तिरुमलराव, स्टोअरचा लँडलाइन, सिंधूचा बटणांचा — तिन्हीकडून फोन करून पाहिले. खिशात, पिशवीत, न्हाणीघराबाहेर, बोगादीच्या बसमध्ये.

एक खोट सापडली! अनोळखी नंबर आला की हा स्वतःच त्याची घंटी बंद करतो. हॉस्पिटलात दहा नंबर, कुठून करतील काय माहीत. तासभर शोधून ते बंद केलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आणखी एक. रात्रभर पडून राहिला की बॅटरी वाचवायला झोपी जातो. तेही काढलं.

माहितीपुस्तिका भिंग घेऊन वाचली. इंग्रजी मोडकं, शब्द मागेपुढे. शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, तेही गावातल्या गुरुजींचं — त्यामुळे आमचं जमलं! शेवटच्या पानावर नुसती चित्रं आहेत. हात, फोन, बाण. ती सोडली.

आजपर्यंत चाळीस फोन केले. पहिले दोन सोडले तर सगळे वाजले. माल आत घेतला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वाजला नाही. म्हणजे आलाच नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. सिंधूला दिवसाला पाणी मोजून प्यायचं असतं, तीर्थाची पळीसुद्धा त्यात धरते. आज पळीतलं अर्धंच घेतलं.

देवापुढे बसलो आणि मागता येईना. फोन वाजू दे, म्हणायचं म्हणजे काय मागायचं? कुणीतरी घरातून धडधाकट निघालेलं माणूस परत येणार नाही, तेव्हा आपला फोन वाजणार. सिंधूला हे बोलून दाखवलं. वाटलं, ती म्हणेल — असा विचार करू नये. ती म्हणाली, "मी तर दोन वर्षांत एकदाही मागितलं नाही."

मग मी नुसतं नाव घेत बसलो.

१ ऑक्टोबर, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

आज खंडेनवमी, इथली आयुधपूजा. पाटावर पांढरं कापड घालून घरातली हत्यारं मांडली. तिचं शिवणयंत्र बाजूला. पाटावर कात्री, विळी, माझा स्टोअरमधला मापं घ्यायचा व्हर्नियर, तिचं बीपीचं यंत्र. आणि फोन. दोन वर्षं आमचं खरं हत्यार तेच, त्याला कसं वगळायचं? बंद केला नाही. घंटी मोठी करूनच ठेवला. काचेवर कुंकू सांडू नये म्हणून उलटा ठेवला आणि पाठीवर हळदकुंकू लावलं. वर झेंडूचं फूल.

सिंधू ताम्हण घेऊन समोर उभी राहिली. मी घंटा वाजवली. आरतीला, जपाला माझे डोळे मिटलेले असतात. मग जप केला, मग प्रसाद. सगळं तासाभराचं.

पावणेनऊला फूल काढून फोन उचलला. तीन कॉल येऊन गेले होते. सात बावन्न, आठ, आठ चौदा.

लावला. पावनी मॅडम म्हणाल्या, "सर, किती वेळ केला! आता पुढच्यांना दिली. ते पोचलेसुद्धा."

तेवढ्यात तिरुमलराव धावत आले. हातात फोन, त्यालाही कुंकू. "अय्यो देवरे! मलापण केला होता हो त्यांनी! माझाही देवापुढे होता, बंद करून!" आणि पायरीवर बसून रडायला लागले. सिंधूनेच त्यांना पाणी दिलं.

मला म्हणाली, "तुमची चूक नाही." सारखी तेच म्हणत होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सीमोल्लंघन म्हणजे डायलिसिसला जाऊन आलो. रस्ते गर्दीने बंद, बराच फेरा पडला.

घरी येऊन पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं. पाचवं चित्र. हाताने फोन टेबलावर पालथा घातलाय, शेजारी घंटी, तिच्यावर काट. उलटा ठेवला की गप्प बसतो. करून पाहिलं. तिरुमलरावांनी सहा वेळा लावला, सहाही वेळा गप्प. सुलटा केला, लगेच वाजला.

म्हणजे फोनमध्ये खोट नव्हती. सांगितलं तसंच करत होता. मी चाळीसदा तपासला, पण पालथा घालून एकदाही नाही.

पावनी मॅडमचा फोन आला. नाव यादीत तसंच आहे म्हणाल्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कामावर गेलो. जेवलो. देवाला फूल वाहिलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

डायलिसिस. सुया लागल्यावर सिंधू छताकडे पाहत म्हणाली, "उजेड मी पाहिला होता. फोनच्या कडेने, पांढऱ्या कापडावर. तीनदा."

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"वाटलं, आत्ता त्या गेलेल्या माणसाच्या घरात कुणीतरी रडत असेल. आणि आपण इथे आरती म्हणतोय. तुम्हाला हाक मारणार होते. तोंडच उघडलं नाही."

यंत्र चालू होतं. मी खिशातून फोन काढला आणि तिच्या सुई नसलेल्या हाताशी ठेवला. सुलटा.